न काढलेले ठिपके

नव्वदच्या दशकात लहान असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी ब्रिक गेम आलेला असतो. तो जत्रेतल्या खेळण्यांच्या पालावर मिळायचा, एसटी स्टँडबाहेर मिळायचा, मुंबईहून येणाऱ्या मामाच्या पिशवीतून निघायचा. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं आणि आत मुख्यतः एकच खेळ असायचा: वरून पडणारे ठोकळे नीट बसवायचे. माझा राखाडी होता, पिवळ्या बटणांचा. भर दुपारी अंगणात तो बंद करून उन्हात जरा तिरका धरला, की काचेत एक गुपित दिसायचं. सगळे चौकोन तिथे आधीपासूनच हजर असायचे! पुसट, करड्या सावल्यांसारखे. आडवे १०, उभे २०, एकूण २००.

म्हणजे ठोकळा खाली पडतच नव्हता. वरचा चौकोन मावळायचा, खालचा उगवायचा, आणि आपल्या डोळ्यांना वाटायचं, पडला. चित्र कारखान्यातच काचेत कोरून झालं होतं. हातातल्या यंत्राला ते फक्त उमटवायचं आणि मिटवायचं होतं.

आता ५ जून २०२५ ला बाजारात आलेलं निन्टेंडो स्विच २ हे गेमचं यंत्र हातात घ्या. पडदा ७.९ इंचांचा. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. (त्यांना पिक्सेल म्हणतात, पण आपल्याकडे रांगोळीमुळे ठिपका हा शब्द इतका आपला आहे की मी तोच वापरणार.) हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा, आणि गेमनं मनावर घेतलं तर १२० वेळासुद्धा, नव्यानं रंगतात. ओल्या रस्त्यावर दुकानाच्या पाटीचं प्रतिबिंब थरथरतं, गवताचं पातं न् पातं वाऱ्यानं वेगळं वाकतं. यातलं काहीही काचेत आधी कोरलेलं नाही.

आणि हे सगळं किती विजेवर चालतं? या यंत्राच्या बॅटरीत सुमारे २० वॅट-तास वीज मावते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ती २ ते साडेसहा तास पुरते. अगदी जड गेम लावून दोन तासांत बॅटरी संपवली, तरी हिशोब येतो सरासरी १० वॅटचा. त्यात पडदा आला, आवाज आला, वायफाय आलं. तुमच्या स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब साधारण तेवढीच वीज खातो!

२०० चौकोनांपासून २० लाख ठिपक्यांपर्यंत आपण कसे पोचलो? चिप वेगवान होत गेली, हे उत्तर खरं आहे, पण त्यात खरी गंमत हातून निसटते. टीव्हीखाली बसणाऱ्या यंत्राला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळते. हातातल्या यंत्राला ती मोजून मिळते, आणि उष्णता वाढली तर ती थेट तळव्याला लागते. म्हणून हातातल्या यंत्राचे ग्राफिक्स घडवणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: यातलं किती चित्र न काढता चालेल?

पहिलं अफलातून उत्तर आलं १९८९ मध्ये, निन्टेंडोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रातून.

निन्टेंडोमधले गुनपेई योकोई १९६५ मध्ये कंपनीत लागले ते पत्ते छापणाऱ्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला. पुढे त्यांनीच १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही खिशातली यंत्रं काढली. ती आपल्या ब्रिक गेमच्याच जातकुळीतली, प्रत्येक पात्राची प्रत्येक हालचाल काचेत आधीच कोरलेली. योकोईंचं एक ठाम मत होतं. नव्याकोऱ्या, महागड्या तंत्रामागे धावू नका. जे तंत्र जुनं होऊन स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात, ते घ्या आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करा. आपण म्हणू, मुरलेलं तंत्रज्ञान. लोणच्यासारखं.

याच विचारातून आलेल्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता. चारच छटा, त्याही शेवाळी हिरव्या. एका छटेसाठी २ बिट धरले तर पूर्ण चित्र ५,७६० बाइटचं होतं. आज व्हॉट्सॲपवरचा ‘सुप्रभात’ याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण गेम बॉयच्या प्रोसेसरला एका चित्रासाठी वेळ मिळायचा सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा, आणि तेवढ्यात त्याच्या कामाच्या जेमतेम १७,५५६ चकरा व्हायच्या. एक बाइट इथून उचलून तिथे ठेवायचा म्हटलं तरी चार-पाच चकरा जातात. ५,७६० ला साडेचारनं गुणून बघा. २५ हजारांच्या वर! नुसतं चित्र नेऊन ठेवायलाच वेळ पुरत नाही, मग खेळ कधी खेळायचा? हा प्रोसेसर एक अख्खं चित्र वेळेत काढूच शकत नव्हता. आणि तरी त्या पडद्यावर मारिओ बागडायचा.

हे कसं जमलं ते समजायला जुन्या छापखान्यात चला. तिथे जुळारी पान ‘काढत’ नसे. त्याच्यापुढे खणाखणांची पेटी असे, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. तो फक्त खिळे उचलून ओळीत लावायचा. ‘क’चं वळण कसं घ्यायचं हा विचार खिळा ओतणाऱ्यानं एकदाच केलेला असे.

गेम बॉय नेमका असाच छापखाना आहे. त्याचा खिळा म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांचा चौकोन: विटेचा एक तुकडा, ढगाची एक कड, गवताचा एक झुबका. पडद्यावर असे आडवे २० आणि उभे १८, म्हणजे ३६० खिळे बसतात. प्रोसेसरला सांगायचं काय, तर कुठल्या जागी कितव्या क्रमांकाचा खिळा. एका जागेला एक बाइट. ५,७६० बाइटचं काम ३६० वर आलं, सोळाव्या हिश्शावर! क्रमांक वाचून खिळ्यातले ठिपके काचेवर उमटवण्याचं हमालीचं काम एका वेगळ्या मंडलाकडे, म्हणजे सर्किटकडे, दिलं. तेच या यंत्राचं ग्राफिक्स हार्डवेअर.

गंमत इथे संपत नाही. खिळ्यांचं पान पडद्यापेक्षा मोठं ठेवलं होतं, ३२ बाय ३२. पडदा ही त्या पानावर ठेवलेली खिडकी. मारिओ पुढे पळाला की खिळे सरकवायचे नाहीत, खिडकी सरकवायची, आणि त्यासाठी बदलायचा फक्त एक आकडा. एक आकडा बदलला की अख्खी डोंगररांग हलते! पान संपत आलं की? जत्रेतला बायोस्कोपवाला आठवा, त्याच्या डब्यातली चित्रांची गुंडाळी फिरत राहायची. इथेही पान उजवीकडे संपलं की डावीकडून पुन्हा सुरू होतं, आणि खिडकीबाहेर गेलेल्या भागात प्रोसेसर गुपचूप पुढचा मुलूख चिकटवत राहतो.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. हे तयार चित्र यंत्राच्या मेमरीत कुठेच साठवलेलं नसतं. छापणारं मंडल एक ओळ तयार करतं, ती थेट काचेला देतं, विसरून जातं, आणि पुढच्या ओळीला लागतं. १४४ वेळा. पूर्ण चित्र फक्त काचेवर असतं, आणि आपल्या डोळ्यांत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी यातही फट शोधली. एक ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधी खिडकीचा तो आकडा किंचित बदलला तर? प्रत्येक ओळ थोडी डावी-उजवी सरकते आणि स्थिर चित्र पाण्यासारखं लहरू लागतं. लाटा काढणारं कोणतंही मंडल आत नव्हतं.

काचेचा दोषसुद्धा कामी आला. ते एलसीडी मंद होते, एक ठिपका मिटेमिटेपर्यंत पुढचं चित्र यायचं, हलणाऱ्या वस्तूमागे शेपूट राहायचं. मग कुणीतरी पात्राला एका चित्रात दाखवलं, पुढच्यात लपवलं, असं करत राहिलं. मंद काचेनं दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळली आणि पडद्यावर आलं आरपार दिसणारं भूत. चार छटांच्या यंत्रावर पारदर्शकता!

आता बाजारातला निकाल बघा. १९९० मध्ये प्रतिस्पर्धी सेगा कंपनीनं गेम गियर आणला. पडद्यावरचे ठिपके तेवढेच, १६० बाय १४४, पण रंगीत, आणि मागून उजेड देणारी छोटी ट्यूब. शेजारी ठेवले तर गेम बॉय बिचारा वाटायचा. पण गेम गियर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा, आणि गेम बॉयला चार सेलवर दहा-पंधरा तास सहज निघायचे. शेवटी गेम गियर सुमारे १ कोटी ६ लाख विकले गेले, तर गेम बॉय, त्याच्या रंगीत भावंडासह, ११ कोटी ८६ लाखांवर. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात एक गेम मोफत मिळायचा: टेट्रिस, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी लिहिलेला. आपल्या जत्रेतल्या ब्रिक गेमचा आजोबा तोच.

खिळ्यांचा छापखाना पुढे १५ वर्षं चालला. रंग आले, पडदा रुंदावला, पण पद्धत तीच. मग आली त्रिमिती, आणि छापखाना कोलमडला.

कारण सरळ आहे. गाडी वळणावर येते तेव्हा तिचा आकार क्षणाक्षणाला बदलतो. किती खिळे ओतून ठेवणार? त्रिमितीत वस्तू ठेवतात ती त्रिकोणांच्या रूपात. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे, प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे: किती उजवीकडे, किती वर, किती दूर. कॅमेरा हलला की सगळ्या कोपऱ्यांवर गुणाकार-बेरजा करून त्यांच्या पडद्यावरच्या नव्या जागा काढायच्या, मग त्रिकोणाच्या पोटात ठिपके भरायचे, आणि प्रत्येक ठिपक्याशी ‘मी किती दूर आहे’ हेही लिहून ठेवायचं, म्हणजे जवळचं झाड मागच्या घराला झाकेल. मोठी यंत्रं यासाठी चित्राएवढी पूर्ण पाटी मेमरीत ठेवतात, तिच्यावर चित्र पुरं करतात, मग दाखवतात.

२००४ मध्ये आलेल्या निन्टेंडो डीएसनं ती पाटी ठेवलीच नाही! हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. त्रिमिती, आणि तरीही ओळीओळीनं, गेम बॉयसारखी?

पंगतीत बसल्यासारखं बघा. आत तव्यावर पोळ्या होताहेत, बाहेर वाढप सुरू आहे. हजार पोळ्या करून ठेवल्याशिवाय पंगत बसवायची नाही, असं कुणी म्हणत नाही. डब्यात थोड्या पोळ्या पुढे असल्या की झालं. डीएसचा डबा होता ४८ ओळींचा. त्रिमितीचं मंडल ओळी भाजून डब्यात टाकतं, दुसऱ्या टोकाकडून पडदा त्या उचलत जातो. १९२ ओळींचं चित्र, आणि हाताशी कधीही जास्तीत जास्त ४८. एखाद्या ओळीत फारच त्रिकोणांची गर्दी झाली तर तवा मागे पडतो, डबा रिकामा होतो आणि पडद्यावर ओळी बिघडतात. शिवाय एका चित्रात जास्तीत जास्त २,०४८ त्रिकोण, अशी मर्यादाही घालून दिली होती. एवढ्याशा शिध्यात अख्खं त्रिमित जग उभं करणाऱ्या त्या काळच्या कलाकारांना मी मनापासून मानतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोनीचा पीएसपी आला, ४८० बाय २७२ ठिपक्यांचा रुंद, देखणा पडदा घेऊन. त्याची चिप ३३३ मेगाहर्ट्झची होती, पण गेमना सुरुवातीला २२२ च्या पुढे जाऊच देत नसत. धावण्याची ताकद असून लगाम खेचून धरलेला घोडा! २००७ मध्ये सोनीनं सॉफ्टवेअर बदलून तो लगाम सोडला. यंत्र तेच, एक स्क्रूही न हलवता ते दीडपट वेगवान झालं. लगाम कशासाठी होता? अर्थातच बॅटरीसाठी.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सांगतो. चिप वीज कशावर खर्च करते? आपल्याला वाटतं, गणितं करण्यावर. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये याचा ताळेबंद मांडला होता. एका प्रातिनिधिक चिपमध्ये एका गुणाकाराला चार पिकोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. आणि तोच आकडा चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला? शेकडो पिकोज्यूल! गणित फुकटात पडतं, ने-आण महाग पडते.

घरात फोडणी देताना मोहरी, हळद, हिंग कुठे असतं? मिसळणाच्या डब्यात, हाताशी. आता कल्पना करा, डबा नाही, आणि प्रत्येक चिमटीसाठी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं. भाजी होईल, पण स्वयंपाक करणारीचे पाय मोडतील. चिपच्या पोटातली छोटी मेमरी म्हणजे मिसळणाचा डबा, आणि बाहेरची मोठी मेमरी म्हणजे वाणी.

हे ध्यानात आलं की २०११ च्या प्लेस्टेशन व्हिटाची युक्ती लख्ख दिसते. त्यात पॉवरव्हीआर जातीची ग्राफिक्स चिप होती, ज्या जातीच्या चिप मोबाइलमध्येही फार चालल्या. ती पडद्याचे लहान लहान चौकोन पाडते. इतके लहान, की एका चौकोनाचं सगळं सामान डब्यात मावतं. एक चौकोन हातात घ्यायचा, त्यात येणारे त्रिकोण बघायचे, चौकोन पूर्ण रंगवायचा, आणि मगच एकदाच बाहेर पाठवायचा. शिवाय ही चिप रंग लावण्याआधी विचारते: या ठिपक्यावर शेवटी दिसणार कोण? भिंतीआड उभ्या सैनिकाचं चिलखत ती रंगवतच नाही. कपाटामागची भिंत कोण रंगवतं?

इथून थेट ३ मार्च २०१७ वर येऊ. पहिला निन्टेंडो स्विच. आत एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप, तिच्यात गणितं करणारे २५६ कोअर. हातात असताना तिचं ग्राफिक्स ३०७ ते ४६० मेगाहर्ट्झवर चालायचं. टीव्हीच्या डॉकमध्ये बसवलं, भिंतीतली वीज मिळाली, की ७६८ वर. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा गेम हातात ७२० ओळींचं चित्र काढायचा आणि तोच डॉकमध्ये ९०० ओळींचं. खेळता खेळता यंत्र डॉकमध्ये सरकवा, क्षणात चित्र अधिक बारीक होतं.

स्विच २ मध्ये कोअर झाले १,५३६. सहापट. वेग मात्र? हातात असताना ५६१ मेगाहर्ट्झ. ही चिप डॉकमध्ये १,००७ वर धावते, मग हातात एवढी सावकाश का? कारण विजेचं गणित विचित्र आहे. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. समजा वेग दुप्पट केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.४ पट लागलं. खर्च गेला चौपटीवर. त्याऐवजी त्याच मंद वेगाचे दुप्पट कोअर लावले तर काम दुप्पट, खर्चही दुप्पटच. कोकणात भातलावणीला एकच बाई वाऱ्यासारखी पळत नाही. वाफ्यात ओळीनं पंधरा जणी उभ्या राहतात, संथ हातानं, आणि दुपारपर्यंत शेत हिरवं होतं.

पण हजार-दीड हजार कोअरना सांगायचं कसं, की तू हे कर, तू ते कर? प्रत्येकाला वेगळा हुकूम द्यायचा तर हुकूम देण्यातच वीज संपेल. म्हणून काम ३२-३२ च्या तुकड्यांत वाटतात, आणि अख्ख्या तुकडीला एकच हुकूम. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक डोळ्यांपुढे आणा. ताशानं इशारा दिला की सगळे ढोल एकच ठोका वाजवतात. ढोल वेगळा, हात वेगळा, ठोका एक. इथेही हुकूम एक, पण प्रत्येकाच्या वाट्याचा ठिपका वेगळा. मात्र त्या ३२ मधल्या अर्ध्या ठिपक्यांना पाणी आणि अर्ध्यांना दगड व्हायचं असेल, तर आधी पाणीवाले वाजवतात आणि दगडवाले टिपरू खाली धरून थांबतात, मग उलट. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा शक्यतो पथक फुटू देत नाही.

आता एक गुणाकार करू. १,५३६ कोअर, प्रत्येकाच्या घड्याळाच्या एका ठोक्याला दोन गणितं, सेकंदाला ५६ कोटी १० लाख ठोके. उत्तर येतं सुमारे १ लाख ७२ हजार कोटी गणितं. दर सेकंदाला, तुमच्या तळहातावर! सेकंदाला ६० चित्रं धरली तर एका ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ १४ हजार गणितं येतात. एका ठिपक्याचा रंग ठरवायला! २०१३ मध्ये टीव्हीखाली ठेवायचा प्लेस्टेशन ४ आला, त्याची क्षमता १ लाख ८४ हजार कोटी होती, आणि तो शंभर वॅटहून जास्त वीज खायचा. वेगवेगळ्या घडणीच्या चिपची अशी तंतोतंत तुलना होत नाही, हे खरं. पण शंभर वॅटच्या पेटीतलं काम बारा वर्षांत एका बल्बच्या विजेत बसलं, हे त्यातून कळतं.

आणि एवढं असूनही १४ हजार गणितं पुरत नाहीत! दिव्याचा किरण काचेवर आपटून कुठे जाईल, ओल्या फरशीत काय दिसेल, हे खरोखर किरणामागे जाऊन शोधायचं म्हटलं, तर सगळा शिधा एका प्रतिबिंबात संपतो. मग पुन्हा तोच योकोईंच्या काळचा प्रश्न. काय न काढता चालेल?

स्विच २ चं उत्तर ऐकून मी खुर्चीत ताठ बसलो. ठिपकेच कमी काढायचे.

समजा, १९२० बाय १०८० ऐवजी ९६० बाय ५४० चंच चित्र काढलं. ठिपके झाले ५ लाख १८ हजार ४००, बरोबर एक चतुर्थांश. चारातले तीन ठिपके काढलेच नाहीत. पण पडद्यावर तर २० लाख हवेत, आणि तेही खरेखुरे वाटणारे. ते आणायचे कुठून?

खिडकीच्या डासांच्या जाळीला अगदी नाक लावून बाहेर बघा. डोकं स्थिर ठेवलं तर तारा मधे येतात, दृश्य तुटक दिसतं. आता डोकं अगदी जरासं हलवा, तांदळाच्या दाण्याएवढं. तारेमागे लपलेलं दिसू लागतं, आणि मेंदू सगळं जोडून अख्खं अंगण समोर उभं करतो. एनव्हिडियाचं हे तंत्र, डीएलएसएस, हेच करतं. दर चित्राला कॅमेरा अर्ध्यामुर्ध्या ठिपक्याएवढा मुद्दाम सरकवतात. त्यामुळे या चित्रातले पाच लाख ठिपके जगाच्या एका जागेचे, पुढच्या चित्रातले पाच लाख किंचित शेजारच्या जागेचे. चार-सहा चित्रं एकावर एक ठेवली की जाळीमागचं सगळं हाती येतं.

पण बाहेर मांजर पळत असेल तर? मागच्या चित्रातलं मांजर आता तिथे नाही. म्हणून गेम प्रत्येक ठिपक्यासोबत एक बाणही देतो: मी मागच्या क्षणी कुठे होतो. त्या बाणांवरून जुने ठिपके नव्या जागी ओढून आणतात. तरी प्रश्न उरतात. मांजर झाडामागून बाहेर आलं, त्याची जुनी नोंदच नाही. किंवा दिवा गेला, जुने ठिपके खोटे ठरले. कुठल्या जुन्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा, कुठला टाकून द्यायचा, कुठे नव्यानं भरायचं, हा निवाडा एक न्यूरल नेटवर्क करतं. त्याचा अभ्यास एनव्हिडियाच्या मोठमोठ्या संगणकांवर आधीच झालेला असतो: ओबडधोबड चित्रं आणि त्यांचीच अतिशय बारकाईनं काढलेली रूपं त्याला दाखवून दाखवून घोटून घेतलेलं असतं. हातातल्या यंत्रात उरते ती परीक्षा, आणि ती द्यायला चिपमध्ये खास गुणाकार-बेरजांचे वेगळे कोअर आहेत. ६० चित्रांच्या वेगात एका चित्राला मिळतात १६.७ मिलिसेकंद. त्यात त्रिकोण, उजेड, सावल्या सगळं उरकून उरलेल्या थोडक्या वेळात हा निवाडा लाखो ठिपक्यांवर पार पडतो.

‘सायबरपंक २०७७’ हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा टीव्हीखालच्या प्लेस्टेशन ४ ला तो झेपत नव्हता. काही काळ तो सोनीच्या दुकानातून काढूनही घेतला होता. तोच गेम आज स्विच २ वर, एसटीच्या सीटवर बसून, डीएलएसएसच्या जोरावर चालतो.

कधी असं यंत्र हाती आलं तर एक करून बघा. हे तंत्र वापरणारा एखादा गेम लावा आणि दृश्य एकदम बदलायची वाट पाहा, आतल्या खोलीतून थेट भर बाजारात. त्या पहिल्या चित्रापाशी जुने ठिपके नसतात, कारण ते सगळे खोलीचे होते. म्हणून डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ कडा खडबडीत दिसतात, तारा तुटक दिसतात, झाडाची पानं चौकोनी होतात. मग दुसरं चित्र येतं, तिसरं येतं, चौथं येतं, आणि पानाची कड बघता बघता धारदार होते. मधल्या त्या एवढ्याशा क्षणात तुम्हाला दिसतं ते, जे यंत्रानं स्वतःच्या हातानं काढलेलं असतं.